बाबल्याला करमत नाही

पोपट पाळायला काही लागत नाही, असं ज्यांनी म्हणून ठेवलंय त्यांच्या घराला दिवसा कधी कुलूप लागत नसे. माझ्या लहानपणी मालवणात कितीतरी पडव्यांत पिंजरा टांगलेला असायचा, पिंजऱ्यात हिरवा पोपट, आणि बरोबर त्याच्याखाली कोणाची तरी आजी वाल सोलत बसलेली. आजीच्या तोंडाचा पट्टा चालू, पोपटाचाही चालू. दोघांपैकी कोणाला करमत नाही असं कधी ऐकलं नाही. हिरवा देशी पोपट पिंजऱ्यात ठेवायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, ही बातमी त्या पडव्यांपर्यंत पोचायला बराच वेळ लागला. आता पोचली आहे. हिरवे पोपट हल्ली संध्याकाळी थव्याने आमच्या पेरूवर उतरतात आणि कायद्याचा पुरेपूर फायदा घेतात.

आमच्या घरी आहे तो कॉकाटील. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, अंगाने राखाडी, डोक्यावर पिवळा तुरा आणि गालांवर दशावतारी राजासारखे रंगवलेले दोन नारिंगी ठिपके. वजन सुमारे 90 ग्रॅम. मुलीने बारावीत असताना हट्टाने आणला, पुढे ती पुण्याला हॉस्टेलवर गेली, आणि हॉस्टेलवर पक्षी चालत नाहीत हे तिला तिथे गेल्यावर आठवलं. तिने ठेवलेलं इंग्रजी नाव आमच्या वाडीत कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून तो बाबलो झाला. शेजारच्या काकींनी पहिल्या दिवशी त्याला गडग्यावरून निरखून बघितलं आणि निकाल दिला, ‘‘ह्येका रंग दिवक देवाक येळ गावाक नाय वाटता.’’

बायको हायस्कुलात शिकवते, मी बँकेत आहे. सकाळी आम्ही निघालो की संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास घर उघडतं. आणि कॉकाटील हा थव्याने राहणारा प्राणी. थव्यातला एक जण दिसेनासा झाला की बाकीचे हाका मारतात, तो ओ देतो, सगळे निश्चिंत होतात. आमच्या थव्यात मी, बायको आणि तो. मी न्हाणीघरात शिरलो तरी हाक येते. ओ दिली नाही तर दुसरी येते, जरा वरच्या पट्टीत. डोळ्यांत साबण गेलेला असताना शिट्टी वाजवून हजेरी देणारा मी जिल्ह्यातला एकटाच बँक कर्मचारी असेन. पण शाखेत पासबुकं छापत असताना मी त्याला ओ कशी देणार? त्यामुळे आम्ही गेल्यावर हाका सुरू व्हायच्या त्या काकींच्या दुपारच्या झोपेपर्यंत पुरायच्या. ‘‘तुमी गेलास काय तो आरडूक लागता,’’ काकी म्हणाल्या. ‘‘दुपारचो माजो डोळो लागणा नाय.’’

आम्ही निघतोय हे त्याला कळू नये यासाठी सुरुवातीला फार कसरत चालली. त्याने खुणा पाठ केल्या होत्या. डबा, हेल्मेट, पावसाळ्यात रेनकोट, यातलं काहीही हातात दिसलं की तुरा ताठ आणि आरडाओरडा चालू. म्हणून डबे आदल्या रात्रीच गाडीच्या डिकीत, हेल्मेट मागीलदारी शेणीच्या ढिगावर, आणि बायको घरातला गाऊन वरून घालून, आत साडी, अशी कपडे वाळत घालायला निघाल्यासारखी निघायची. पोस्टमनने एकदा तिला गडग्याआड गाऊन काढताना पाहिलं. तो भला माणूस, त्याने विषय काढला नाही, पण तेव्हापासून तो लांबूनच घंटी वाजवतो.

पुण्याच्या पक्ष्यांच्या डॉक्टरने मुलीमार्फत कळवलं की लपून जाणं उलट वाईट. सांगून जा, रोज त्याच शब्दांत, आणि निरोप लांबवू नका. आता बायको दारातून ‘‘येते हां बाबल्या’’ म्हणते आणि मागे न बघता निघते. मला ती लग्नापासून आजवर कधी सांगून गेलेली नाही, पण तो वेगळा विषय आहे.

तर निघण्याचा प्रश्न सुटला, मधल्या दिवसाचा राहिला. या बाबतीत सल्ला देणाऱ्यांची कोकणात वाण नाही. स्वतः काही न पाळणारी माणसं फार खोलात जाऊन बोलतात. सगळ्यात जास्त मतं पडली ती ‘‘लगीन लावन दी तेचा, गप रवतलो’’ याला. म्हणजे मादी आणायची. मग ती दोघं एकमेकांत रमणार, अंडी घालणार, आणि 15-20 वर्षं सहज जगणाऱ्या या मंडळींचा संसार माझ्या पेन्शनीवर चालणार. त्या वाटेला गेलो नाही.

शाखेतल्या एकाने आरसा सुचवला. बाबल्याला आरशातला पोपट इतका आवडला की तो पंख बदामासारखे उचलून त्याच्यापुढे दिवसभर गाऊ लागला, खाल्लेलं बाहेर काढून त्याला भरवू लागला, आणि मी पिंजऱ्याजवळ गेलो की माझ्यावर धावून येऊ लागला. नर कॉकाटीलांचं आरशाशी असंच होतं म्हणतात. आरसा काढला तर स्टीलच्या डब्यावर प्रेम बसलं. पोह्यांचा तो डबा अजून कपाटाच्या मागे लपवलेला आहे, आणि पोहे करायचे असले की आम्ही त्याच्या नजरेआडून आणतो.

रेडिओ मात्र लागू पडला. आकाशवाणी रत्नागिरी लावून ठेवलं की तो एका पायावर उभा राहून ऐकतो. बातम्यांना गप्प, नाट्यसंगीताला शिट्टीची साथ. पण पावसाळ्यात आमच्याकडे वीज ही पाहुण्यासारखी येते, आणि भर कार्यक्रमात आवाज तुटला की तो जो काही गोंधळ घालतो तो नुसत्या एकटेपणापेक्षा मोठा. शेवटी सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर शोधला. दुकानदाराने विचारलं, आजोबांसाठी का? मी हो म्हटलं.

मग मुलीने कॅमेरा पाठवला. शाखेत बसून फोनवर बाबलो बघायचा, आणि वाटलं तर बोलायचंही. सांगायला सोपं. एके दिवशी आंबा बागायतदार पीककर्जाचे कागद घेऊन समोर बसलेले, आणि फोनवर बाबलो पिंजऱ्याच्या कोपऱ्यात हिरमुसून बसलेला. मी हळूच म्हटलं, ‘‘बाबल्या, कसो आसस रे? खाल्लंस काय?’’ बागायतदार गहिवरले. कर्जाच्या माणसाची बँकेत इतकी चौकशी पहिल्यांदाच झाली असावी. आणि त्यांचं घरचं नावही बाबलोच निघालं. ते सांगू लागले की काय खाल्लं, किती खाल्लं, आणि पेजेबरोबर काय होतं. तिकडे घरी त्याहून वाईट. आवाज येतोय पण माणूस कुठे दिसत नाही, म्हणून बाबल्याने मला शोधायला पिंजऱ्यात थैमान घातलं. आता कॅमेऱ्यातून फक्त बघतो. बोलत नाही.

खरा फरक पडला तो खाण्याने. रानातल्या पोपटाचा दिवसाचा मोठा भाग खाणं शोधण्यात जातो. पिंजऱ्यात वाटी भरून ठेवली की त्याचं जेवण दहा मिनिटांत उरकतं आणि पुढे नुसता दिवस पडलेला. म्हणून खाणं लपवायचं, त्याने हुडकून काढायचं. रात्रीची जेवणं झाली की आम्ही दोघं आता या कामाला बसतो. करवंटीला भोकं पाडून त्यात राळे भरायचे. रद्दीच्या कागदाच्या पुड्या वळायच्या, त्यातल्या काही रिकाम्या ठेवायच्या, नाहीतर त्याला सवय होते. शेगलाच्या, म्हणजे शेवग्याच्या, पाल्याची जुडी उलटी टांगायची, सुपारीच्या विरीच्या पट्ट्या कापून कुरतडायला द्यायच्या. काथ्या मी लावणार होतो, पण सुट्या धाग्यांत पाय अडकतात म्हणून तो बाद. बसायच्या गुळगुळीत प्लास्टिकच्या दांडीने पायाला घट्टे पडतात म्हणून पेरूची वाकडी फांदी आणली. सूर्यफुलाच्या बिया चरबीच्या, म्हणून मोजून. त्याला हव्यात नेमक्या त्याच. त्या शोधताना बाकी सगळं तो बाहेर उडवतो, आणि माझ्या बुटांत राळे उगवायचे तेवढे बाकी आहेत. इकडे माझ्या डब्यात पोळी आणि कालची उसळ, तीही कुठे न लपवलेली.

दाणे कोरडे ठेवणं हे एक वेगळंच प्रकरण. हा पक्षी ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखातला आणि सिंधुदुर्गात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस. जुलैत आमच्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी येते. बुरशीचे दाणे पक्ष्याच्या फुप्फुसांना घातक, त्यामुळे राळ्यांची बरणी चुलीजवळच्या फळीवर गेली आणि तिथे कित्येक वर्षं असलेली माझी तपकिरीची डबी खाली आली.

आणि स्वयंपाकघर. नॉनस्टिकचा तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पक्षी मरतो, हे कळल्यावर बायकोने तिन्ही तवे उचलून दिले आणि माळ्यावरून आईचा बिडाचा तवा उतरवला. घावणे बिडावरच होतात, असं आई आयुष्यभर सांगत होती. सुनेने तिचं ऐकलं नाही, पोपटाचं ऐकलं. आईला हे फोटोतून दिसत असेल तर तिला काय वाटत असेल याचा मी विचार करत नाही, कारण घावणे खरंच छान होऊ लागलेत. डास मारायची कॉइल बंद, उदबत्ती फक्त बाहेर तुळशीपाशी. मुलगी दर आठवड्याला फोनवर बजावते की अव्होकॅडो त्याला विषारी असतं, चुकूनही द्यायचं नाही. आमच्या बाजारात कधीतरी सफरचंद चांगलं मिळतं, तिथे अव्होकॅडो कुठून येणार? पण मी तिला दर वेळी ‘नाही देणार’ असं वचन देतो.

रात्री त्याला दहा-बारा तास झोप लागते. म्हणजे साडेसातला पिंजऱ्यावर चादर, टीव्ही बंद, आणि आम्ही दोघं रांधपात, म्हणजे स्वयंपाकघरात, खुर्च्या टाकून खालच्या आवाजात बोलतो. कॉकाटीलला रात्री अंधारात एकाएकी घाबरायची खोड असते, पिंजऱ्यात आपटून घेतो, म्हणून बारीक दिवा रात्रभर लागतो. त्या दिव्यासाठी घरात इन्व्हर्टर आला. मे महिन्यात मी पंख्याविना घामाघूम व्हायचो तेव्हा तो चैनीत मोडत होता.

गणपतीत त्याचं जे सुख असतं ते बघण्यासारखं. मुंबईहून चाकरमानी येतात, सतरंजीवर पाय ठेवायला जागा नसते, झांजा, आरत्या, रात्रभर पत्ते. बाबलो पहिल्या दिवशी भेदरतो आणि दुसऱ्या दिवसापासून यजमान होतो. ‘सुखकर्ता’ची पहिली ओळ त्याने शिट्टीवर उचलली, तीही आमचे थोरले काका म्हणतात तशी, एक मात्रा चुकवून. विसर्जन झालं, गाड्या परतल्या, आणि त्याने तुरा पाडून घेतला. खाईना. गालाचे ठिपके तेवढे नारिंगी, बाकी सगळा फिका. तेव्हा काकीच आपण होऊन म्हणाल्या, ‘‘चावी ठेवन जा. मी बसतंय तेच्या वांगडा.’’

काकींच्या घरीही दिवसभर कोणी नसतं. मुलगा डोंबिवलीला. त्या दुपारी आमच्या माजघरात पाट टाकून बसतात, कुळीथ नाहीतर तांदूळ निवडतात, आणि सुनेपासून सरपंचापर्यंत सगळ्यांची हजेरी घेतात. कॅमेऱ्यातून बघतो तर बाबलो पिंजऱ्याच्या त्यांच्याकडच्या बाजूला येऊन, मान तिरकी करून ऐकत असतो. करवंटी नको, रेडिओ नको. मधेच एखादी बारीक शिट्टी घालतो. काकी थांबतात, ‘‘होय तर!’’ म्हणतात आणि पुढे चालू. माझी बायको म्हणते, इतकं मन लावून ऐकणारा नर तिने दुसरा पाहिला नाही.

भानगड झाली ती कुकरवरून. काकींचा कुकर त्यांच्या घरी चढलेला, काकी आमच्याकडे, आणि शिट्ट्या मोजायच्या ऐकून. बाबल्याने ती शिट्टी हुबेहूब उचलली, अगदी आधीच्या फुस्स आवाजासकट. ‘‘तीन शिट्ट्यो झाल्यो, तरी कुळीथ दगड!’’ असं रोज होऊ लागलं. काकींनी कुकर दुरुस्तीला दिला, रिंग बदलली, दुकानदाराशी भांडण केलं. खरं काय ते मी कॅमेऱ्यात पाहिलं होतं, पण त्यांच्या कानावर घालायला महिना लावला, कारण बिनपगारी माणूस नाराज करून चालत नाही. ऐकल्यावर त्या रागावल्याच नाहीत. हल्ली भात टाकला की त्या घड्याळ बघतात आणि बाबल्याच्या शिट्ट्या झाल्या की त्याला सांगतात, ‘‘तुजी डाळ शिजली हा, खाली उतर.’’

गेल्या रविवारी त्यांच्या मुलाचा मला डोंबिवलीहून फोन. आईला तिथे एकटीला करमत नाही म्हणून महिनाभर बोलावतोय, तुतारी एक्सप्रेसचं तिकीटही काढलंय, पण ती म्हणते, ‘‘त्या पाखराक एकट्याक टाकून मुंबैक कशी येव?’’ तेव्हा काका, तुमच्याकडे महिनाभर दुसरी काही व्यवस्था होईल का?

तिकीट मार्चचं आहे. माझ्या शाखेत मार्च एंड, बायकोच्या शाळेत दहावीची परीक्षा. तिच्या चार किरकोळ रजा शिल्लक आहेत, माझ्या अडीच, आणि अर्ध्या दिवसाची रजा नक्की कुठल्या अर्ध्याला घ्यायची यावर काल रात्री रांधपात, खालच्या आवाजात, बरंच भांडण झालं.