सर्व प्रकारचे मटण मिळेल

परवा सकाळी पातेल्यात दूध ओतता ओतता आमच्या दूधवाल्याने, "सर, ते सॉसेज मिळालं का हो शेवटी?" असे विचारले, तेव्हा रविवारचा प्रकार मटणाच्या दुकानापुरता राहिलेला नाही हे माझ्या ध्यानात आले. दूधवाला माळकरी आहे. त्याने आयुष्यात अंडेसुद्धा फोडलेले नाही, शिवाय त्याची वस्ती आमच्या गावापासून चार किलोमीटरवर आहे. बातमी तिथवर पोहोचायला तीन दिवस लागले, म्हणजे मधल्या सगळ्या घरांत ती थांबत, चहा घेत गेली असणार.

झाले ते असे. आषाढातला शेवटचा रविवार होता आणि पुण्याहून लेक-जावई येणार होते. एकदा श्रावण लागला, कानबाईचे रोट आले, की आमच्या घरात मांसाहाराचे नाव निघत नाही, त्यामुळे हा रविवार हुकवण्यासारखा नव्हता. जावईबापू कंपनीच्या कामासाठी दोन वर्षे जर्मनीत म्युनिकला राहून आलेले आहेत. त्यांनी फोनवर, "पप्पा, तुमच्याकडे सॉसेज, स्मोक्ड मीट वगैरे काही मिळतं का?" असे सहज विचारले. तापीकाठच्या तालुक्याच्या गावाला उद्देशून विचारलेल्या या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हाच देऊ शकलो असतो, पण सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, विचारायला काय पैसे पडतात?" पैसे पडले नाहीत हे खरे आहे. नाव पडले.

दोषाचा काही भाग चाचांच्या नव्या पाटीकडेही जातो. चाचांच्या दुकानातून मी गेली तीस वर्षे मटण घेतो. चिंचेच्या ओंडक्याचा ठोकळा, दोन सुरे, एक सत्तूर आणि भिंतीवरचे कॅलेंडर यापलीकडे त्या दुकानात कधी काही नव्हते; परंतु यंदा मुलाच्या आग्रहाने तिथे काचेचा डीप फ्रीजर आला आणि बाहेर लाल अक्षरांत पाटी लागली : ‘येथे सर्व प्रकारचे मटण व चिकन मिळेल’. मी चौतीस वर्षे गणित शिकवले आहे. ‘सर्व’ या शब्दाचा अर्थ ‘सर्व’ असाच होतो, ‘बहुतेक’ किंवा ‘जमेल तितके’ असा होत नाही, हे मी मुलांच्या टाळक्यात उतरवण्यासाठी जितका खडू झिजवला, तितका अन्य कशासाठीही झिजवलेला नाही. त्या पाटीवर विश्वास ठेवणे हा माझा व्यावसायिक दोष होता असे फार तर म्हणता येईल.

साडेआठला मी पोहोचलो तेव्हा दुकानापुढे पंचवीसएक माणसे होती. आमच्याकडे रांग नसते, घोळका असतो, आणि घोळक्यात नंबर पिशवी उंच धरून लावायचा असतो. मी पिशवी उंच धरली आणि, दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, "चाचा, सॉसेज आहे का?" असे विचारले. नेमके त्याच क्षणी चाचांचा सत्तूर ठोकळ्यावर आपटायचा थांबला, पलीकडची पिठाची गिरणी बंद झाली आणि माझा प्रश्न पंचवीस माणसांना सारखा वाटला गेला.

चाचा काही बोलण्याच्या आत माझ्या कोपराजवळून आवाज आला : "मास्तर, हाई सासेज म्हणजे काय शे?"

हे नाना. नानांविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, डोक्यावर टोपी, हातात स्टीलचा कडीचा डबा. दर रविवारी ते सर्वांत आधी येतात आणि सर्वांत शेवटी जातात. घेतात पाव किलो; पण त्या पाव किलोत त्यांना सीन्याचे दोन तुकडे, एक चाप, एक नळी, कलेजीचा एक तुकडा आणि ‘थोडी चरबी, भाकरले चव येस’ इतके सगळे हवे असते. पाव किलो वजनात अख्ख्या बोकडाचे प्रातिनिधिक मंडळ बसवण्याचे हे काम पूर्ण होईपर्यंत नाना इतरांच्या खरेदीचे परीक्षण करतात. कोणी अर्धा किलो मागितले, तर "घरमा सात माणसं ना रे तुम्ही?" असे विचारून ते त्याला पाऊण किलोवर नेतात. कोणी दोन किलो मागितले, तर पाहुणे कोण, कुठले आणि कशासाठी, एवढे निघाल्याशिवाय त्या गिऱ्हाइकाची सुटका होत नाही. बँकेत खात्यावर किती शिल्लक आहे हे गुप्त ठेवता येते, दवाखान्यात दुखणे गुप्त ठेवता येते; आमच्या गावात मटण मात्र जाहीर सुनावणीशिवाय विकत घेता येत नाही, आणि याची चीड मला आजची नाही.

तरीही शिक्षकाला प्रश्न विचारला की त्याने उत्तर देऊ नये हे घडत नाही. मी सांगितले की खिम्यात मीठ, मसाला आणि चरबी मिसळून ते मिश्रण मेंढीच्या किंवा बकऱ्याच्या धुतलेल्या आतड्यात भरतात, जागोजाग पीळ देतात आणि मग ते उकडतात किंवा धुरावर धरतात. घोळका आतड्यापर्यंत शांतपणे ऐकत होता. आतड्याला दोघे जण मागे सरकले. वास्तविक त्यातल्या एकाच्या पिशवीत वजडी होती.

"आतडी मी रोज फेकतो, सर," चाचा मान न उचलता म्हणाले. "माझ्या वडिलांच्या वेळी व्यापारी घेऊन जायचे. त्याची तार करायचे, म्हणे."

मला आधार मिळाल्यासारखे झाले. मेंढ्याबकऱ्यांच्या आतड्यांपासून टेनिसच्या रॅकेटच्या तारा होत असत आणि शस्त्रक्रियेत टाके घालायचा, पोटातच विरघळणारा धागाही त्यापासूनच तयार होत असे, अशी पुरवणी मी जोडली. ही चूक झाली. नानांचे हर्नियाचे ऑपरेशन झालेले आहे हे मला ठाऊक होते, पण त्या क्षणी आठवले नाही. नानांनी डबा खाली ठेवला, दोन्ही हात पोटावर ठेवले आणि ते आभाळाकडे पाहत म्हणाले, "म्हणजे मन्हा पोटमा बकराना दोरा शे!" पुढची पाच मिनिटे विक्री बंद होती. आजकाल बहुतेक ठिकाणी कृत्रिम धागा वापरतात, असे मी तीनदा सांगितले. परंतु नाना आयुष्यातले सारे रविवार नव्याने तपासून पाहत असावेत असा त्यांचा चेहरा झाला होता.

इथे थांबलो असतो तरी निभावले असते. मी जावयाचे जर्मनीतले वास्तव्य पुढे केले. म्युनिकमध्ये पांढरे सॉसेज सकाळीच खातात, दुपारचे बारा वाजायच्या आत ते संपवण्याची तिथे रीत आहे आणि खाताना वरची साल काढून टाकतात, असे मी जरा रुबाबात सांगितले.

"बारा वाजनात की काय व्हस?" नानांनी विचारले.

पूर्वी बर्फाची पेटी नव्हती, हे सॉसेज धुरावर धरत नाहीत, त्यामुळे सकाळी केलेले दुपारपर्यंत टिकेल याची खात्री नसे, असे त्यामागचे कारण मी दिले.

"आनि साल काढीसन फेकतस?"

"हो."

"साल फेकनीच शे, तर भरतस कसाले?"

या प्रश्नाला उत्तर नव्हते. मी आजही विचार करतो आहे आणि आजही नाही. चौतीस वर्षांत वर्गात मला असा प्रश्न एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही, याचे दुःख मानावे की सुटल्याबद्दल समाधान, हे मला कळेनासे झाले आहे.

उत्तर नसले की माणूस उदाहरण देतो. माझे बालपण भुसावळला रेल्वेच्या चाळीत गेले. शेजारी एक गोव्याचे कुटुंब राहत असे आणि त्यांच्या स्वयंपाकघरात चुलीच्या वर तांबड्यालाल सॉसेजची माळ टांगलेली असे. मिरची, लसूण आणि व्हिनेगर यांचा तो वास मला अजून आठवतो. हे सगळे मी भाबडेपणाने सांगून बसलो.

"गोवानं? ते तर डुकरनं ऱ्हास ना?" नाना गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले.

आता मात्र खरोखरच शांतता झाली. घोळक्याने आधी माझ्याकडे पाहिले, मग चाचांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. ज्या माणसाने तीस वर्षे मला निवडून मटण दिले, माझ्या वडिलांच्या तेराव्यानंतर ‘गोडाचं’ मटण स्वतः घरी आणून दिले, त्याच्या दुकानात उभा राहून मी काय मागतो आहे असा तो अर्थ होता, आणि मला तो अजिबात अभिप्रेत नव्हता. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. चाचांनी सत्तूर फडक्याला पुसला. "नाना, सॉसेज चिकनचं पण असतं, मटणाचं पण असतं," ते म्हणाले. "माझा पोरगा पुण्यात दोन वर्षं हॉटेलात होता. सरांना ठाऊक आहे कुठे काय मागायचं ते." आणि त्यांनी पुन्हा सत्तूर मारायला सुरुवात केली. एवढ्या एका वाक्यासाठी मी त्यांच्या पाटीवरचा ‘सर्व’ माफ करून टाकला आहे. नानांना मात्र माफ केलेले नाही.

हे कमी होते म्हणून की काय, घोळक्यातून माझा एक जुना विद्यार्थी पुढे सरकला. आठवीत असताना त्याच्या चाचणीच्या गुणांवरून मी त्याला ‘शून्य’ म्हणत असे. आता त्याचे ठिबक सिंचनाचे दुकान आहे आणि तो दोन किलो घ्यायला आला होता. त्याने मोबाइल वाचून दाखवला : २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सॉसेजसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाला तंबाखूच्याच गटात टाकले आहे. मी म्हणालो की तो गट पुरावा किती पक्का आहे हे सांगतो, धोका किती मोठा आहे हे सांगत नाही. दोन्ही एका गटात असली म्हणून ती सारखी घातक ठरत नाहीत. हे गणिताच्या दृष्टीने अचूक होते आणि कोणीही ऐकले नाही. नाना तर तळहातावर तंबाखू मळत, "बापरे, इतलं वाईट?" असे म्हणत होते. त्यांनी चिमूट ओठाखाली सोडली आणि माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले.

मग धुराचा विषय निघाला. धुरावर धरलेले मांस ही कल्पना नानांना सर्वांत हास्यास्पद वाटली, आणि या मुद्द्यावर माझे रक्त खरोखरच उसळले. ज्या खानदेशात वांगी पऱ्हाटीच्या जाळावर काळी होईपर्यंत भाजल्याशिवाय भरीत होत नाही, आणि गॅसवर भाजलेल्या वांग्याचे भरीत पाहुण्यांपुढे ठेवले तर त्यावरून सोयरीक बोलायची राहते, त्या प्रदेशाच्या माणसाने धुराला हसावे? लोकांनी मांस धुरावर टांगले ते चैनीसाठी नव्हे. मिठाने आणि धगीने पाणी ओढले जाते, धुरातल्या द्रव्यांनी कूज लांबते आणि एका जनावराचे मांस पुढे कित्येक दिवस पुरते. महाराष्ट्रात दलित वस्त्यांतून मांसाच्या चान्या उन्हात वाळवून ठेवल्या जात, त्या हौसेने नव्हे. उद्या मिळेल की नाही याचा भरवसा नव्हता म्हणून. हे सगळे मला म्हणायचे होते. त्यातले "भरीत" एवढेच मी म्हणालो, कारण तेवढ्यात नानांनी तोडगा काढला : "धूरच जोयजे ना, मास्तर? मन्हा घर या. म्हातारी चूल पेटाडस, तव्हय आम्ही समदा स्मोक ऱ्हातस."

‘स्मोक’ हा शब्द त्यांनी कुठून उचलला कोण जाणे. दुकान हसले. चाचाही हसले. मीसुद्धा हसलो, कारण न हसणाऱ्याची अवस्था आणखी वाईट होते. हसता हसता तो ‘शून्य’ म्हणाला, "चाचा, आधी सॉसेज सरांना मोकळं करा." झाले. बारसे पाच सेकंदांत उरकले, आणि ज्याने उरकले त्याला तसा पूर्ण अधिकार होता हे माझ्याखेरीज तिथे कोणालाच ठाऊक नव्हते.

मी किलोभर साधे मटण घेतले, ८०० रुपये दिले आणि निघालो. घरी येऊन पिशवी उघडली तेव्हा तीत नळ्या जास्त निघाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच मी वजनाकडे न बघता मटण आणले होते.

अकराच्या सुमारास जावईबापू आले. त्यांच्या हातात थर्माकोलचा डबा होता. "पप्पा, म्हटलं तुमची धावपळ नको, म्हणून मीच घेऊन आलो," असे म्हणत त्यांनी त्यातून चिकन सॉसेजची दोन पाकिटे काढली, प्रत्येकात सहा. आदल्या रात्री एक फोन केला असता तर काय बिघडले असते, हे मी विचारले नाही. जावयाला असे विचारायचे नसते.

सौभाग्यवतींनी एक पाकीट तव्यावर टाकले असेल-नसेल, तोच फाटक वाजले. नाना होते. धुतलेली टोपी, हातात तोच डबा. भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "बारा वाजाना आत उनू, मास्तर."

घरी आलेल्या म्हाताऱ्या माणसाला ताट वाढल्याशिवाय परत धाडता येत नाही. नानांनी पहिले सॉसेज हातात घेऊन नखाने साल काढायचा पुष्कळ प्रयत्न केला. ते बिनसालीचे होते. अखेर त्यांनी ते तसेच खाल्ले, डोळे मिटून चावले आणि निकाल दिला : "हाई ते पातोडीच शे. मीठ कमी." पातोडी म्हणत म्हणत त्यांनी आणखी दोन खाल्ली आणि जावईबापूंना म्युनिकमध्ये ज्वारीचा भाव काय असतो ते विचारले. जावईबापूंना नाना अतिशय आवडले. त्यांनी दुसरे पाकीट आपण होऊन नानांच्या डब्यात घातले, वर काळ्या मसाल्याच्या मटणाचा रस्साही ओतला. तव्यावरच्या सहांपैकी तीन नानांनी, एक लेकीने आणि दीड जावयाने खाल्ले. माझ्या वाट्याला अर्धे आले, आणि मीठ खरेच कमी होते.

फाटकाशी नाना थांबले. डबा छातीशी धरून म्हणाले, "श्रावण सरना की परत बलावा."