कौल उजवाच पडायला हवा

तुम्हाला एखाद्या संघातून बाहेर पडायचं आहे का? की दुसऱ्या कुणाला बाहेर पडू द्यायचं नाही? उत्तम. दोन्ही पक्षांना सल्ला एकच लागू पडतो, त्यामुळे माझेही श्रम वाचतात. बाहेर पडल्यावर पासपोर्टाचा रंग कोणता होईल, औषधं कुठून येतील, बंदरावर ट्रकांची रांग किती लांब जाईल, असल्या किरकोळ भानगडींत आत्ताच पडू नका. ते नंतरही बघता येतं. ब्रिटननं नंतरच बघितलं. आधी एवढंच पक्कं करा की निर्णय घेणार कोण. आणि हे पक्कं करण्याआधी, तो निर्णय काय घेईल याची गुपचूप चौकशी करून ठेवा.

कोकणातल्या देवळात कौल लावताना तुम्ही पाहिलं असेल. देवाच्या अंगावर कळे लावायचे, गाऱ्हाणं घालायचं, आणि उजवा कळा आधी पडला की काम फत्ते. डावा पडला तर? तर गाऱ्हाणं जरा फिरवून पुन्हा घालायचं. देव तोच, कळे तेच, प्रश्न तेवढा वेगळा. लोकशाहीत याहून मोठी सोय आहे. इथे देवसुद्धा बदलता येतो.

म्हणून पहिला हात घालायचा तो मतदारयादीला. सप्टेंबर २०१४ मध्ये स्कॉटलंडनं ब्रिटनमधून बाहेर पडायचं का यावर मतदान घेतलं, तेव्हा नियम होता की स्कॉटलंडमध्ये राहतो त्याला मत. त्यामुळे एडिंबरातल्या हॉटेलात बश्या धुणाऱ्या पोलिश पोराला मत होतं, सोळा वर्षांच्या शाळकरी मुलीला होतं. पण सात पिढ्या एडिंबरात काढून नोकरीपायी लंडनला गेलेल्याला नव्हतं. स्वतंत्र स्कॉटलंडचा सगळ्यात गाजलेला पुरस्कर्ता म्हणजे साक्षात जेम्स बाँड, शॉन कॉनरी. तो राहायचा बहामा बेटांवर. त्यालाही नव्हतं. इतक्या वेळा जग वाचवून माणसाला पदरी काय पडलं बघा.

मग आलं २३ जून २०१६. आता प्रश्न युरोपीय संघातून बाहेर पडायचा. तोच पोलिश पोरगा, तेच हॉटेल, त्याच बश्या. पण मत गेलं. सोळा वर्षांच्या मुलांचंही गेलं. आणि आता खरी गंमत ऐका. राष्ट्रकुलातल्या देशांच्या नागरिकांना मात्र मत होतं, फक्त ब्रिटनमध्ये रीतसर राहत असायला हवं. म्हणजे हिंजवडीच्या कंपनीनं दोन वर्षांच्या प्रोजेक्टवर हाउन्सलोला पाठवलेला आपला एखादा कुलकर्णी, ज्याचं अर्धं लक्ष परतीच्या तिकिटाच्या दरावर आणि अर्धं गॅसवरच्या कुकरकडे, त्याला ब्रिटननं युरोपात राहावं की नाही हे ठरवण्याचा पूर्ण अधिकार. त्याच्या शेजारी तीस वर्षं इंग्रज नवऱ्याशी संसार केलेली, तिथेच कर भरणारी, तिथेच पोरं वाढवलेली फ्रेंच बाई असेल, तर तिनं घरी बसून निकाल ऐकायचा. आयरिश, माल्टीज किंवा सायप्रसचा असशील तर चालेल, फ्रेंच चालणार नाही. उलट खुद्द ब्रिटिश नागरिक पंधरा वर्षांहून जास्त काळ परदेशात असेल तर तोही बाद. दुसऱ्या महायुद्धात लढलेला, नव्वदी ओलांडलेला, इटलीत राहणारा एक म्हातारा सैनिक यावर कोर्टात गेला आणि हरला.

यातलं एकही बेकायदा नव्हतं, हे लक्षात ठेवा. सगळं कायद्यात बसवून केलेलं. तुम्हीही तसंच करा. कुणी विचारलं तर ‘जनतेनं ठरवलं’ एवढंच म्हणा. जनता कुणी ठरवली, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. विचारलाच तर निकाल लागून गेलेला असतो.

मोजणीचं भांडं कोणतं घ्यायचं, हेही आधीच बघून ठेवा. २०१६ मध्ये सगळ्या देशाची मतं एकत्र धरली आणि बाहेर पडणारे जिंकले. स्कॉटलंडमध्ये मात्र ६२ टक्के लोक राहायचं म्हणत होते, ब्रिटनच्या ताब्यातल्या जिब्राल्टरमध्ये तर जवळजवळ ९६. स्कॉटिश राष्ट्रवाद्यांनी आधीच सुचवलं होतं की चारही प्रांतांनी वेगवेगळा होकार दिला तरच बाहेर पडावं. लंडननं म्हटलं, छे छे, देश अखंड आहे. उद्या स्कॉटलंड सुटलं आणि त्याचीच शेटलंडची बेटं म्हणाली ‘आम्ही नाही येत’, तर एडिंबराही तेच म्हणेल. वेगळं होणाऱ्याला आपण अविभाज्य आहोत हा साक्षात्कार वेगळं झाल्याच्या दुसऱ्या दिवशी होतो. तुम्ही तो एक दिवस आधी करून घ्या, म्हणजे घाई होणार नाही.

प्रश्न कसा लिहावा? कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्यूबेक प्रांताकडून शिकावं. १९९५ साली त्यांनी ‘कॅनडातून बाहेर पडायचं का’ असं असभ्यपणे विचारलं नाही. कॅनडापुढे नव्या आर्थिक आणि राजकीय भागीदारीचा प्रस्ताव रीतसर मांडल्यानंतर, अमुक विधेयकाच्या आणि १२ जून १९९५ ला सही झालेल्या तमुक कराराच्या चौकटीत, क्यूबेकनं सार्वभौम व्हावं हे आपल्याला मान्य आहे काय, असं विचारलं. शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरावी, हीच त्यातली कला. तरीही ५०.५८ टक्के लोकांनी वाक्य पूर्ण वाचलं असावं, प्रस्ताव पडला. कॅनडानं धडा घेऊन २००० साली कायदाच केला: पुढच्या वेळी प्रश्न ‘स्पष्ट’ हवा आणि बहुमतही ‘स्पष्ट’ हवं. स्पष्ट म्हणजे किती टक्के? ते कायद्यात लिहिलेलं नाही. मतदान झाल्यावर ओटावातली संसद बघून सांगणार. क्यूबेकनं त्याच वर्षी आपला कायदा केला, की अर्ध्यावर एक मत जास्त पुरे. दोन्ही कायदे वाचले की स्पष्टता या शब्दावरचा माणसाचा विश्वास वाढतो.

बहुमताचा आकडा आधी सांगू नये, हा कॅनडाचा धडा सोन्यासारखा आहे. बाहेर पडण्याच्या मोहिमेतले एक म्होरके नायजेल फराज यांनी मे २०१६ मध्ये, आपण हरू असं वाटत असताना, सांगून टाकलं होतं की ५२-४८ असा निकाल लागला तर विषय काही संपणार नाही. निकाल ५२-४८ असाच लागला, फक्त उलट्या बाजूनं. विषय तत्काळ संपला. त्याहून बहारीचा किस्सा एका अर्जाचा. संघातून बाहेर पडू इच्छिणाऱ्या एका गृहस्थानं मतदानाच्या आधी संसदेच्या साइटवर मागणी टाकली होती, की मतदान ७५ टक्क्यांपेक्षा कमी झालं आणि जिंकणाऱ्या बाजूला ६० टक्के मिळाले नाहीत तर पुन्हा मतदान घ्या. ७२ टक्के मतदान झालं, त्याचीच बाजू जिंकली, आणि हरलेल्यांनी त्याच्याच अर्जावर चाळीस लाखांहून जास्त सह्या ठोकल्या. बिचारा आपल्याच अर्जापासून फारकत घेत फिरला.

आता मुख्य पेच. निर्णय जनतेचा की संसदेचा? यावर तुमचं ठाम मत असायला हवं आणि ते दर सहा महिन्यांनी बदलायला हवं. ब्रसेल्सच्या, म्हणजे युरोपीय संघाच्या, हातातून सत्ता काढून आपल्या सार्वभौम संसदेला परत द्यायची, असं सांगून मोहीम जिंकली गेली. नोव्हेंबर २०१६ मध्ये लंडनच्या हायकोर्टातले तीन न्यायाधीश म्हणाले, बरोबर आहे, म्हणून बाहेर पडायची नोटीस देण्याआधी संसदेची परवानगी घ्या. दुसऱ्या दिवशी डेली मेलनं तिघांचे फोटो पहिल्या पानावर छापून वर मथळा दिला: जनतेचे शत्रू. सुप्रीम कोर्टानंही जानेवारी २०१७ मध्ये आठ विरुद्ध तीन अशा मतांनी तेच सांगितलं. संसद सार्वभौम हवी, पण तिला विचारायचं मात्र नाही, असा हा भक्तिभाव.

मग संसदेला विचारलं. १५ जानेवारी २०१९ ला पंतप्रधान थेरेसा मे यांचा बाहेर पडण्याचा करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी आपटला. मार्चमध्ये दुसऱ्यांदा आणला, पुन्हा आपटला. मग खासदारांनी स्वतःच आठ पर्याय काढले आणि एकाच संध्याकाळी आठही फेटाळले. पाच दिवसांनी चार उरले होते, तेही फेटाळले. काय नको यावर इतकं एकमत जगातल्या दुसऱ्या सभागृहात क्वचितच झालं असेल. आणि या सगळ्या काळात जनतेला दुसऱ्यांदा विचारा म्हणणाऱ्यांना बाई सांगत होत्या, की तोच प्रश्न पुन्हा विचारणं म्हणजे लोकशाहीशी बेइमानी. खासदारांना त्यांनी तीनदा विचारलं. तिसऱ्या खेपेला सभापती जॉन बर्को आडवे आले आणि एकाच अधिवेशनात तोच ठराव पुन्हा आणता येत नाही, असा १६०४ सालचा संकेत काढून दाखवला. सरकारनं काय केलं? कागदपत्रांची दोन पुडकी केली आणि त्यातलं एकच पुढे ठेवलं. गाऱ्हाणं फिरवून घालणं ते हेच. तिसऱ्यांदाही पडलं, ते सोडा.

हे इंग्रजांचेच चाळे असं समजू नका. गोव्यात १९६३ ची निवडणूक जिंकल्यावर महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचं म्हणणं होतं की महाराष्ट्रात विलीन होण्याचा कौल मिळालाच आहे, आता विधानसभेनं ठराव करावा. विलीनीकरणाच्या विरोधातल्या जॅक सिक्वेरांची बाजू म्हणाली, थेट जनतेला विचारा. मुंबईत पोट भरणाऱ्या गोयंकारांना मत हवं की नको, हा वाद तिथेही झालाच. त्यांना मिळालं नाही. १६ जानेवारी १९६७ ला फुलावर (विलीनीकरण) की दोन पानांवर (वेगळं राहणं) शिक्का मारायचा ते ठरलं. सुमारे ३४ हजार मतांनी विलीनीकरण हरलं. आणि अडीच महिन्यांत त्याच मतदारांनी विलीनीकरणवाल्या भाऊसाहेब बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्री केलं. माणूस हवा, त्याचा मुख्य कार्यक्रम नको. अशा चोखंदळ जनतेपासून चार हात लांब राहा. आपल्या राज्यघटनेनं हा धोका ओळखलेला दिसतो: राज्य तोडायचं तर संसद तोडणार, संबंधित विधानसभेला मत विचारणार, आणि ते ऐकायचं बंधन नाही. आंध्रच्या विधानसभेनं जानेवारी २०१४ मध्ये तेलंगणाचं विधेयक फेटाळलं. फेब्रुवारीत ते संसदेत मंजूर झालं.

हरलातच, तर ‘पिढी’ कामाला येते. स्कॉटलंडचं २०१४ चं मतदान ही पिढीतून एकदा येणारी संधी आहे, असं स्कॉटलंडचे तेव्हाचे सरकारप्रमुख अ‍ॅलेक्स सामंड सांगत होते. ५५-४५ नं हरल्यावर ती पिढी दोन वर्षांत म्हातारी झाली. लंडनच्या हिशोबानं मात्र ती अजून पाळण्यात आहे, आणि २०२२ साली सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं की लंडनच्या संमतीवाचून स्कॉटिश संसदेला असं मतदान घेताच येणार नाही. उत्तर आयर्लंडसाठी कायद्यात पिढी सात वर्षांची आहे, म्हणजे एका मतदानानंतर दुसऱ्यासाठी किमान तेवढं थांबायचं. शिवाय १९९८ च्या त्या कायद्यात एक कलम आहे, ते मी तुमच्या जागी असतो तर चौकटीत लावून भिंतीवर टांगलं असतं: बहुसंख्य लोक ब्रिटन सोडायच्या बाजूनं मत देतील असं मंत्र्याला वाटलं, की मतदान घेणं बंधनकारक. त्याला ते कशावरून वाटावं, याबद्दल कायदा अवाक्षर काढत नाही.

शेवटची एक व्यवहाराची गोष्ट. बाहेर पडल्याची आठवण म्हणून नाणी पाडणार असाल तर तारीख कोरायची घाई करू नका. ब्रिटिश टांकसाळीनं ‘३१ ऑक्टोबर २०१९’ अशी तारीख घालून पन्नास पेन्सची सुमारे दहा लाख नाणी पाडली होती, वर ‘सर्व राष्ट्रांशी शांतता, समृद्धी आणि मैत्री’ असा मजकूर. मुदत पुढे गेली आणि ती सगळी वितळवावी लागली. मजकूर तोच ठेवून, जानेवारीची तारीख घालून पुन्हा पाडली.