बळ्ळारीत जमले, ते खानापुरात का नाही?

डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती हे नाव बेळगाव, खानापूर, निपाणीकडे फारसे कोणी ऐकलेले नसेल. पण तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आज मनोविकारावरची गोळी मिळते, त्यामागे या डॉक्टरांच्या सरकारी सेवेतील कामाचा मोठा वाटा आहे. मनोविकारतज्ज्ञ गावोगावी पोहोचणे शक्य नाही, तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर आणि आरोग्यसेविका यांनाच हे काम शिकवावे, हा विचार 1975 च्या सुमारास त्यांनी आणि डॉ. एन. एन. विग यांनी हरियाणातील रायपूर राणी येथे पारखून पाहिला. 1982 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमात तो धोरण म्हणून आला, बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने 1985 पासून कर्नाटकातील बळ्ळारीत तो जिल्हाभर राबवला आणि 1996 मध्ये त्याच धर्तीवर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2001 च्या अहवालाचे मुख्य संपादकपदही त्यांच्याकडे होते, पण माझ्या लेखी बळ्ळारीचे मोल अधिक.

मात्र या आराखड्यात गोळीइतकेच महत्त्व बोलण्याला होते आणि आपल्याकडे नेमके तेच निसटते. खानापूरच्या जंगलपट्ट्यातील बाई आधी देवऋष्याकडे अंगारा घेते, मग कोणीतरी समजूत घातल्यावर दवाखान्यात येते. डॉक्टर कन्नड बोलणारे आणि तिला मराठीशिवाय काही येत नाही, म्हणून शाळेत कन्नड शिकलेला नातू मध्ये उभा राहतो. झोप लागत नाही एवढे ती सांगते. नवऱ्याची दारू, जीव नकोसा होणे हे नातवासमोर कसे सांगणार? पंधरा दिवसांत थोडे बरे वाटले की गोळ्या बंद, कारण त्या का आणि किती दिवस घ्यायच्या हे तिला कोणी नीट सांगितलेलेच नसते.

यात सीमावाद आणण्याचे कारण नाही (तो आणायला इथे निमित्त लागत नाही, हे खरे). मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 22 नुसार रुग्णाला आजाराची आणि उपचारांची माहिती त्याला समजेल अशा भाषेतच द्यावी लागते. कर्नाटक सरकारच्या मनोचैतन्य योजनेत मनोविकारतज्ज्ञांनी ठरलेल्या मंगळवारी तालुका रुग्णालयात यायचे असते. त्याच दिवशी मराठी बोलणारी एक समुपदेशक किंवा प्रशिक्षण दिलेली आशा कार्यकर्ती तिथे बसवावी, एवढी मागणी आपल्या लोकप्रतिनिधींनी जिल्हा आरोग्याधिकाऱ्यांकडे लेखी नोंदवायला हवी.