रडलो मीही, पण कुणामुळे?

काका, सप्रेम नमस्कार.

‘नटसम्राट’ चित्रपटावरचं माझं लिखाण तुम्हाला चांगलंच झोंबलेलं दिसतंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नाना पाटेकर आणि विक्रम गोखल्यांना डोक्यावर घ्यायचं आणि कथेला रडकी म्हणायचं, हा दुटप्पीपणा झाला. कथेत दम नसता तर नटाने रडवलं असतं कसं? वर, कोकणात घरोघरी बेळवलकर, म्हणजे नाना करतो त्या पोरांनी टाकलेल्या म्हाताऱ्या नटासारखे बाप, बसलेत ते मला दिसत नाहीत का, हा सवाल. आणि नाना मुरुड-जंजिऱ्याचा, आपला माणूस, हा टोलाही.

शेवटचं आधी उरकतो. नानाचा एकही मार्क मी कापलेला नाही. कापलेत ते पटकथेचे, आणि ती काही मुरुडची नाही.

आता नटाने रडवलं कसं, याबद्दल. तुम्ही कुडाळचे. जत्रेतला दशावतार मी तुम्हाला काय सांगणार? लिहिलेली संहिता नाही, आख्यान पोरासोरांनाही पाठ. एक बाकडं, तेच सिंहासन आणि तेच अरण्य. बाजूला पेटी, पखवाज, झांज. संवाद नट उभ्या उभ्या रचतो, आणि पहाटे राजा राणीचा निरोप घ्यायला लागला की बायकांचे पदर डोळ्यांना लागतात. ‘काय काम केल्यान!’ म्हणत माणसं घरी जातात. गोष्ट कोणाची, हे कोणी विचारतही नाही.

चित्रपटातला हॉस्पिटलचा प्रसंग आठवा. बेळवलकरांचा दोस्त रामभाऊ, म्हणजे गोखले, खाटेवर, आणि दोन म्हातारे नट कर्ण-कृष्णाच्या प्रवेशात शिरतात. गोखल्यांच्या तोंडी येणारं दुःख कर्णाचं की मरायला टेकलेल्या रामभाऊचं, हे आपल्याला उलगडत नाही. समोर नानाला कृष्ण म्हणून उभं राहायचंय आणि दोस्त म्हणून तो आतून कोसळतोय. दोन्ही एकाच चेहऱ्यावर. मी रडलो तो इथे. रामभाऊ शिरवाडकरांच्या मूळ नाटकात नाही, तो चित्रपटवाल्यांनी आणला, म्हणजे श्रेय पटकथेचंच, असं तुम्ही म्हणाल. खुशाल म्हणा. इथे लेखकांनी नटांना काम दिलं. बाकी बऱ्याच ठिकाणी त्यांनी प्रेक्षकांना काम दिलंय, रुमाल काढायचं.

मुलीच्या घरचा चोरीचा आळ घ्या. तो नाटकातही आहे, ठाऊक आहे मला. पण 1970 च्या त्या नाटकाला शिरवाडकरांच्या भाषेचा आधार होता, आणि डॉ. लागूंनंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशी माणसं ती भाषा पेलत होती. त्या भाषेच्या उंचीवर असा आळ खपून जातो. महेश मांजरेकरांचा कॅमेरा मात्र खऱ्या वाटणाऱ्या घरात, नाकासमोर येऊन उभा राहतो. तिथे पोटची पोरगी बापावर संशय घेते तेव्हा ती माणूस राहत नाही, बापाला रस्त्यावर आणण्याची सोय होते. मुलगी-जावई झालेले मृण्मयी देशपांडे आणि सुनील बर्वे जमेल तितकं सावरतात, पण त्यांना सावरायला जागाच ठेवलेली नाही.

आणि कोकणातले बेळवलकर! अहो, आपल्याकडे बेळवलकर व्हायचं तरी कसं? त्याने घरदार, पैसा पोरांना देऊन टाकला. आपल्या सातबाऱ्यावर मेलेल्या चुलत्यांसकट सतरा नावं, सह्या गोळा करण्यातच हयात जायची. चेष्टा सोडा. आपल्या वाडीतल्या म्हाताऱ्यांना कोणी घराबाहेर काढलेलं नाही. मुलगा रोज फोन करतो, चतुर्थीला सहकुटुंब येतो, विसर्जन झालं की गौरीची भाजी डब्यात भरून रात्रीची गाडी पकडतो. तो वाईट नाही, बोरिवलीच्या खोलीत जागा नाही आणि इथे नोकरी नाही. खलनायक नसलेलं हे एकटेपण लिहायला फार अवघड. या चित्रपटाने ते लिहिलेलं नाही. तुम्हाला त्यात आपली ओटी दिसली असेल, तर ती नानाने दाखवली.

कावेरीवर, बेळवलकरांच्या बायकोवर, मी दोनच ओळी लिहिल्या ही तुमची तक्रार रास्त आहे. ती भूमिका करणाऱ्या मेधा मांजरेकरांवर वेगळं लिहीन. पार्श्वसंगीताबद्दल मात्र शब्दही मागे घेणार नाही. नाना गप्प बसलेला असताना तरी व्हायोलिनने गप्प बसायला हवं होतं.