‘पीसी स्लो झालाय? कोणालाही विचारू नका’ या मेसेजला उत्तर

आमच्या कॉम्प्युटर क्लबच्या गेल्या बैठकीला तीन जण एकच मेसेज घेऊन आले. ‘पीसी स्लो झालाय? कोणालाही विचारू नका, ही पाच कामं करा.’ कामं अशी: दर आठवड्याला डीफ्रॅग (फाइलचे विखुरलेले तुकडे डिस्कवर एका ओळीत आणणं), मग रजिस्ट्री (विंडोज आणि प्रोग्रॅमच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करणारा क्लीनर, रॅम मोकळी करणारं सॉफ्टवेअर, एकाऐवजी दोन अँटीव्हायरस आणि दर सहा महिन्यांनी फॉरमॅट. तिघांपैकी एकाने पाचही करून पाहिली होती आणि त्याचा पीसी आधीपेक्षा जास्त रखडत होता. मेसेज अजून फिरतोय, म्हणून एकेक मुद्दा घेतो. सगळं विंडोजबद्दल आहे.

डीफ्रॅगचा सल्ला एके काळी बरोबर होता. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कमध्ये वाचणारं हेड जागेवरून हलतं आणि हवा तो भाग त्याच्याखाली येईपर्यंत थांबतं. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या डिस्कचा एक फेरा साधारण 8.3 मिलिसेकंदांचा, म्हणजे सरासरी 4 मिलिसेकंद नुसती वाट पाहण्यात जातात. फाइलचे तुकडे डिस्कभर विखुरले असतील तर हा खर्च प्रत्येक तुकड्यामागे होतो. तुकडे एका ओळीत आणले की फरक जाणवतो.

एसएसडी म्हणजे चिपमध्ये डेटा ठेवणारी डिस्क. तिच्यात तबकडीच नाही आणि हेडही नाही. तुकडा कुठेही असो, तो मिळायला लागणारा वेळ जवळजवळ तेवढाच. शिवाय डेटा चिपमध्ये नेमका कुठे ठेवायचा हे एसएसडीचा कंट्रोलर स्वतः ठरवतो. डीफ्रॅगच्या पडद्यावर दिसणारी ती नीटनेटकी रांग फक्त विंडोजच्या नकाशात असते, चिपवर नसते. एका रविवारच्या डीफ्रॅगने एसएसडी मरत नाही, पण तिच्या पेशी ठरावीक वेळाच पुसता येतात. फायदा नसताना ते आयुष्य का खर्चायचं? एसएसडीला लागते ती ट्रिम, म्हणजे कोणते भाग आता रिकामे समजायचे याची सूचना. ती सोय विंडोज 7 मध्ये, 2009 साली आली आणि विंडोज 8 पासून ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्हज’ हे काम ठरलेल्या वेळी आपणहून करतं. वेगळं डीफ्रॅग सॉफ्टवेअर टाकलं असेल तर काढून टाका.

रजिस्ट्रीचा मुद्दा लवकर संपतो. ‘हजारो निरुपयोगी नोंदींमुळे पीसी अडकतो’ हे खरं नाही. रजिस्ट्रीची रचना झाडासारखी असते. प्रोग्रॅमला हवी ती नोंद तो तिच्या फांदीवर जाऊन घेतो, सगळं झाड चाळत बसत नाही. क्लीनरने एखादी कामाची नोंद उडवली तर मात्र प्रिंटर किंवा ऑफिस बंद पडतं आणि कारण सापडता सापडत नाही. असे क्लीनर वापरण्याला आपला पाठिंबा नाही, असं मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं आहे.

रॅमबद्दलचा सल्ला सर्वांत फसवा वाटतो, कारण तो केल्यावर आकडा खरंच खाली येतो. पण रिकामी रॅम म्हणजे पडून असलेली रॅम. विंडोज मोकळ्या जागेत नुकत्याच वापरलेल्या गोष्टी ठेवून देतं, आणि दुसऱ्या प्रोग्रॅमला जागा लागली की ती लगेच सोडतं. क्लीनर चालू प्रोग्रॅमची पानंही, म्हणजे रॅममधले त्यांचे तुकडेही, त्यांच्या हातून काढून घेतो. थोड्या वेळाने तुम्ही ब्राउझरवर क्लिक करता तेव्हा तीच पानं परत गोळा करावी लागतात, बऱ्याचदा थेट डिस्कवरून. आकडा सुधारला आणि काम मंदावलं. रॅम खरंच अपुरी आहे का, ते पाहायला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. रोजचीच कामं चालू असताना मेमरी सतत 90 टक्क्यांच्या वर आणि डिस्कही सारखी गुंतलेली, असं दिसलं तर रॅम वाढवा किंवा स्टार्टअपमधले प्रोग्रॅम कमी करा.

दोन अँटीव्हायरस एकाच वेळी पहाऱ्याला ठेवले की उघडलेली प्रत्येक फाइल दोनदा तपासली जाते आणि कधी कधी ते एकमेकांवरच संशय घेतात. विंडोजचा स्वतःचा डिफेंडरसुद्धा दुसरा अँटीव्हायरस आला की सहसा आपणहून बाजूला होतो. एक पुरे.

राहिला फॉरमॅट. मशीनमध्ये व्हायरस खोल गेला असेल तर आम्हीही फॉरमॅटच सांगतो. पण दर सहा महिन्यांनी कशासाठी? धुळीने फॅन जाम झाला असेल तर प्रोसेसर गरम होतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. फॉरमॅटने धूळ जात नाही. आणि डिस्कच निकामी होत चालली असेल तर फॉरमॅटइतकं घातक दुसरं काही नाही. पाचही उपाय करणाऱ्या आमच्या सदस्याचं हेच झालं. त्याच्या डिस्कच्या स्मार्ट अहवालात, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्यात, खराब सेक्टरांचा (बिघडलेल्या भागांचा) आकडा वाढत होता. मंदपणा त्यामुळेच होता. आधी बॅकअप घेऊन डिस्क बदलली असती तर फोटो राहिले असते. मेसेज वाचून त्याने थेट फॉरमॅट मारला. त्या फोटोंबद्दल तो बोलत होता तेव्हा आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हतं.

म्हणूनच मला या मेसेजमधलं ‘कोणालाही विचारू नका’ हे वाक्य पाचही उपायांपेक्षा जास्त खटकतं. क्लबमध्ये आम्ही आधी विचारतो: कधीपासून होतंय, डिस्क कोणती, किती भरली आहे, त्याआधी नवीन काय टाकलं? त्याच बैठकीत एक काकू सांगत होत्या की त्या पीसी रोज रात्री शट डाउन करतात, तरी तो हँग होतो. टास्क मॅनेजरमध्ये अपटाइम, म्हणजे विंडोज नव्याने सुरू झाल्यापासूनचा वेळ, पाहिला तर 23 दिवस. विंडोज 8 पासून फास्ट स्टार्टअप चालू असलं की शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. रीस्टार्टमध्ये तसं होत नाही. काकूंनी आमच्यासमोरच रीस्टार्ट केला, आणि अडकलेला प्रिंटर ड्रायव्हर सुटला.