खुलासा: स्पेनमध्ये मूल १८ चं झालं म्हणून पोटगी आपोआप थांबत नाही
मेसेज फिरतोय की स्पेनमध्ये घटस्फोटानंतर मूल १८ चं झालं की पोटगी बंद, आणि जॉइंट कस्टडी (मूल आळीपाळीने आईवडील दोघांकडे) असेल तर द्यायचीच नाही. दोन्ही साफ चूक! पोरगं शिकतंय, स्वतःच्या पायावर उभं नाही तोवर पैसे द्यावेच लागतात, थांबवायचे तर कोर्टातून ऑर्डर बदलून घ्यायची, नुसतं बँकेचं ट्रान्सफर बंद केलं तर थकबाकी चढते आणि सलग दोन किंवा अधूनमधून चार महिने चुकवले तर फौजदारी गुन्हा, दंडसंहितेचं कलम २२७. प्लीज असलं वाचून पोराच्या फीचे पैसे अडकवू नका. जॉइंट कस्टडीतही एकाची कमाई बरीच जास्त असेल तर कोर्ट पोटगी लावू शकतं. आणि कोर्टात न जाता नोटरीकडे घटस्फोट २०१५ पासून होतो खरा, पण अल्पवयीन मुलं असतील तर कोर्टातच जावं लागतं.