झाडाभोवतीचे चार फूट

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला सहा जणांनी पाठवला. त्यातले दोघे तर आमच्याच सोसायटीतले. ‘सोलापूरकरांनो, घर बांधताय? बागेच्या नादी लागू नका’ अशी सुरुवात आणि खाली पाच मुद्दे. आपल्याकडे प्यायलाच पाणी नाही, झाडांना कुठून आणणार? झाडाची मुळं पाया फोडतात. कंपाउंडच्या आत सगळीकडे पेव्हर ब्लॉक टाकले की धूळ, चिखल, साप, डास सगळं बंद. हिरवळ हवीच असेल तर प्लास्टिकचं लॉन टाका, पाणी शून्य. आणि शेवटी, लँडस्केपिंग म्हणजे बिल्डरने भाव वाढवायला काढलेली युक्ती.

पंचवीस वर्षं साइटवर गेली माझी, त्यातली बरीचशी जुळे सोलापूर आणि होटगी रोडच्या काळ्या मातीत. मेसेज लिहिणाऱ्याची चिडचिड खरी आहे, हे मला कळतं. हिशोब तेवढा चुकलाय.

पाण्यापासून सुरुवात करू. उजनीहून शंभरावर किलोमीटर पाइपातून आलेलं, काही दिवसांआड नळाला येणारं पाणी लॉनवर ओतणं हा माजच आहे. हजार चौरस फुटांचं लॉन मे महिन्यात रोज ५०० लिटरच्या आसपास पाणी पितं. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर हा सरकारी हिशोब धरला, तर जवळपास चार माणसांचं पाणी त्या गवताला जातं. पण मेसेजवाल्याने लॉन आणि झाड एकाच मापाने मोजलंय. कडुनिंबाचं किंवा करंजाचं रोप पहिले दोन-तीन उन्हाळे जपायचं असतं. रोपाशेजारी दहा लिटरचं साधं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, तोंडावर खापरी ठेवायची, आठवड्यातून दोनदा भरायचं. मडकं पाझरतं तेवढं पाणी थेट मुळांशी जातं, उन्हाच्या वाट्याला फारसं येत नाही. आठवड्याला झाले २० लिटर. दारातली गाडी धुवायला याहून जास्त लागतं. पुढे ते झाड आपलं आपण बघतं.

आणि डोक्यावर पडतं त्या पाण्याचं काय? जिल्ह्याचा सरासरी पाऊस साधारण ५५० मिलिमीटर. म्हणजे हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर वर्षाला ५०,००० लिटर पडतं आणि सांडलवंड सोडली तरी ४०,००० हाताशी येतं. दहा हजारी टँकर चार. ते आपण पाइपाने रस्त्यावर सोडतो आणि एप्रिलमध्ये टँकरवाल्याला फोन लावतो. ज्या गावाच्या ग्रामदैवताने, सिद्धेश्वरांनी, बाराव्या शतकात तलाव खणवला, त्या गावात हे चालतं, याची मला राहून राहून गंमत वाटते. ५०० चौरस मीटरपासून पुढच्या प्लॉटला पावसाचं पाणी साठवण्या-जिरवण्याची सोय राज्याच्या २०२० च्या बांधकाम नियमावलीने सक्तीची केलीय. कागदावर ती असतेच. साइटवर बऱ्याचदा विटांचा एक हौद असतो आणि त्यात सिमेंटच्या रिकाम्या गोण्या. शिवाय आपल्याकडे नुसता खड्डा खणून भागत नाही. काळी माती पाणी खाली सोडत नाही, तळं होऊन बसतं. खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यायचा आणि घरापासून दहा-बारा फूट तरी लांब ठेवायचा.

न्हाणीचं पाणी केळीला, अळूला सोडायची रीत आपल्या आज्यांची. ती चालू ठेवा. वॉशिंग मशीनचं पाणी मात्र एकाच जागी रोज सोडू नका, पावडरीतल्या सोड्याने काळी माती घट्ट होत जाते.

आता पाया. या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, म्हणून जरा थांबतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात मोकळ्या प्लॉटवर जाऊन बघा, भेगेत मनगट जातं. ज्या घराचं फुटिंग, म्हणजे पायाचा तळ, या मातीतच थांबवलंय, ते वर्षातून एकदा उचललं जातं आणि एकदा खाली बसतं. भिंतीला तिरकी चीर जाते. मग मालक खिडकीतून बाहेर बघतो, समोर झाड दिसतं, आरोपी सापडला! मी पाहिलेल्या चिरा पडलेल्या घरांपैकी बहुतेकांच्या आसपास झाडच नव्हतं. होता तो गच्चीचा पाइप, पाणी थेट जोत्याशी ओतणारा. उपाय जुना आहे. पाया मुरमापर्यंत न्यायचा, माती फार खोल असेल तर तळाशी फुगा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब, आणि वर त्यांना जोडणारा प्लिंथ बीम. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने (सीबीआरआय) ही पद्धत काळ्या मातीसाठी बसवून कितीतरी दशकं झाली.

सत्य ते एवढंच की मोठं झाड भिंतीला खेटून असेल तर उन्हाळ्यात तिथली माती आणखी सुकवतं. पिंपळ, वड, उंबर कंपाउंडच्या आत नकोतच. कडुनिंब घरापासून १५-२० फुटांवर. तेवढी जागा नसेल तर सीताफळ, आपटा, पारिजातक, कढीपत्ता. मुळं ड्रेनेजच्या पाइपात शिरतात हेही खरं, पण बहुतेकदा जिथे सांधा आधीच गळतोय तिथेच.

पेव्हरची बाजू घेणारे लगेच म्हणतात, आपल्या जुन्या वाड्यांच्या चौकातही फरशीच होती की. होती. पण त्या चौकावर चारही बाजूंच्या भिंतींची सावली फिरायची, वर जाड मातीचं माळवद होतं आणि परसात उघडी माती नि झाड. आपण त्यातली फरशी तेवढी उचलली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य सोलापूरच्या बरोब्बर डोक्यावर येतो, काठीची सावली पडत नाही. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळपास लागतच नाही. तापते स्लॅब, आणि तीननंतर पश्चिमेची भिंत. त्या भिंतीपुढे पेव्हर असतील तर ते दिवसभर खाल्लेलं ऊन रात्री खिडकीतून परत देतात. म्हणून झाड एकच लावणार असाल तर पश्चिमेला लावा. कडुनिंबाची पानं उन्हाळ्याच्या तोंडाला झडतात, चैत्रात नवी पालवी येते आणि ऊन कडक होईपर्यंत सावली तयार. मात्र हे नकाशा काढतानाच ठरवायला हवं. पार्किंग, चेंबर, बोअर, टाकी सगळं मांडून झाल्यावर उरलेल्या कोपऱ्यात झाड बसत नाही. चालायला फरसबंदी हवीच असेल तर शहाबादी टाका, मुरमावर, सांधे सिमेंटने न भरता.

साप उंदरांमागे येतो आणि उंदीर कचऱ्यामागे. डास साचलेल्या पाण्यात. पेव्हरशी दोघांचा काही संबंध नाही.

प्लास्टिकच्या लॉनवर एप्रिलच्या दुपारी अनवाणी उभं राहून दाखवा, मग बोलू. कडक उन्हात ते ६० अंशांच्या पुढे तापतं. खेळायला उतरलेली पोरं चटका बसला की परत फिरतात, आणि मग ते गार करायला कुणीतरी पाइप घेऊन पाणी मारतं. शून्य पाण्याचं लॉन!

बिल्डरच्या मुद्द्यावर मी मेसेजवाल्याच्या बाजूने आहे. ४,००० चौरस मीटरपासून पुढच्या ले-आउटमध्ये दहा टक्के मोकळी जागा नियमानेच सोडावी लागते, ती कुणी भेट देत नसतं. ब्रोशरमध्ये ‘गार्डन’ म्हणून जे विकलं जातं ते म्हणजे आंध्रातून ट्रकने आलेले पाम, एक कारंजं आणि कोनोकार्पस या परदेशी झाडाची रांग. गुजरातच्या वनखात्याने हे कोनोकार्पस लावायला २०२३ मध्ये बंदी घातली, आपल्याकडे अजून हौसेने लावतात. यावर चिडा, जरूर चिडा. पण त्याचा राग अंगणातल्या मातीवर काढू नका.

आमच्या सोसायटीत पार्किंगच्या कडेला एक कडुनिंब आहे. दोन वर्षांपूर्वी पेव्हर टाकताना सिमेंट थेट बुंध्याला भिडवलं. गेल्या उन्हाळ्यात शेंड्याच्या काड्या वाळायला लागल्या, बुंध्याची साल सिमेंटवर ओठासारखी फुगून आली. मार्चमध्ये आम्ही तिघांनी पहार घेऊन तो गळपट्टा फोडला. खालची माती विटेसारखी झाली होती. परवा उरलेल्या कामासाठी फरशीवाला आला. म्हणाला, “साहेब, झाडाभोवती चार फूट सोडायचं म्हणजे डिझाइन बिघडतं की.” बिघडू दे म्हटलं.